प्रत्येकी तीस तास

"आमचं दोघांचं मिळून" हे तिचं पालुपद होतं. वडे किती ठेवू विचारलं की दोन बोटं वर करायची, "आमचं दोघांचं मिळून दोन." दवाखान्यात नर्सनं दिवसाला किती चहा घेता विचारलं, तर हिनं सांगितलं, दोघांचं मिळून पाच कप. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत किती वेळा नापास झालीस, या माझ्या खवचट प्रश्नालाही तेच. "दोघांचं मिळून तीनदा, काकू. त्यातलं यांचं एकदाच."

अमेरिकेत एडिसनला ओक ट्री रोडवर तुमचं कधी येणं झालं असेल, तर तिच्या हातची पोळी तुम्ही खाल्लीही असेल. वाणसामानाच्या एका दुकानामागे आमचं स्वयंपाकघर आहे. पोळीभाजीचे डबे भरून इथून पुढे काउंटरवर जातात. मी इथे अकरा वर्षं आहे. कुणी कोणत्या दिवशी किती तास यायचं याचा आठवड्याचा तक्ता मी करते, आणि मालकाच्या वतीनं लागतील त्या सह्याही मीच करते.

ती सांगलीची. दिराच्या अर्जावर ग्रीन कार्ड मिळालं म्हणून नवरा-बायको इथे आले. नवरा गोदामात खोकी उचलायचा. त्यांची मुलगी चिमी तीन वर्षांची झाली तशी ही आमच्याकडे लागली. लाटताना ती कधी पोळीकडे बघायची नाही, बघायची ती बोलणाऱ्याच्या तोंडाकडे, आणि तरी पोळी गोल. मला याचा थोडा मत्सरच वाटायचा.

चिमीच्या पाळणाघराचा बराचसा खर्च राज्य सरकार द्यायचं, आईबाप दोघंही काम करतात म्हणून. त्यासाठी दर वर्षी फॉर्म भरायचा आणि त्यावर दोघांच्या मालकांकडून कामाचे तास लिहून सही घ्यायची. पहिल्या वर्षी तिचे चौतीस तास होते. काही अडचण आली नाही.

गेल्या दिवाळीनंतर शेठनं सांगितलं, आता कुणालाच आठवड्याला अठ्ठावीस तासांच्या वर लावायचं नाही. तीस भरले की इन्शुरन्स द्यावा लागतो, तो त्यांना टाळायचा होता. माझे मात्र चाळीस तास आणि माझा इन्शुरन्स त्यांनी तसाच ठेवला. मी मुकाट्यानं तक्ता बदलला.

तिला सांगताना मला ओशाळल्यासारखं झालं, पण तिनं ते अगदी सहज घेतलं. घरी बोलून दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "काही प्रॉब्लेम नाही काकू. यांनी ओव्हरटाइम घेतलाय. यांचे बेचाळीस, माझे अठ्ठावीस. दोघांचं मिळून सत्तर. फॉर्मला साठच लागतात."

फॉर्म तिनं माझ्यासमोर ठेवला आणि हात पुसत उभी राहिली. मी शेवटपर्यंत वाचला. प्रत्येक पालकाचे किमान तीस तास, असं इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं. तीस लिहिले असते तर खोटं झालं असतं. तिला सांगितलं असतं तर तिनं दोन तास मागितले असते, आणि ते मागायला शेठपुढे मला उभं राहावं लागलं असतं. चाळीस तासवाल्या माणसानं दुसऱ्यासाठी भांडू नये, असं मला त्या क्षणी वाटलं. मी अठ्ठावीस लिहिले, सही केली आणि कागद तिच्या हातात दिला. तिनं थँक्यू म्हटलं.

तीन आठवड्यांनी पाळणाघराची मदत बंद केल्याचं पत्र आलं. तिनं ऑफिसला फोन केला. "ती बाई चार वेळा सॉरी म्हणाली," ती सांगत होती. "पण दोघांचं मिळून चालत नाही म्हणे. यांचे जास्तीचे तास माझ्यात धरत नाहीत." तेव्हा कुठे मी शेठकडे गेले. अठ्ठावीस म्हणजे अठ्ठावीस, ते म्हणाले. तिनं दुसरीकडे विचारलं, पण आठवड्याच्या दोन तासांसाठी कोण कामावर घेणार? तोवर पाळणाघरातली चिमीची जागा दुसऱ्या मुलाला गेली.

मग नवऱ्यानं रात्रपाळी घेतली. सकाळी तो घरी यायचा, ही निघायची. दिवसभर चिमी त्याच्यापाशी. एकदा तो हिला न्यायला आला आणि फ्रीझरला टेकून उभ्याउभ्या झोपला. आम्ही हसलो. नंतर जरा वेळानं आमचं आम्हालाच बरं वाटेना.

ती फोन स्पीकरवर टाकून पोळपाटाशेजारी ठेवायची. दर तासाला घरी लावायची.

"चिमी, बाबा काय करतात?"

"स्लीपिंग."

"हलव बरं त्यांना."

"आय डिड. ही इज स्टिल स्लीपिंग."

"बरं. टीव्ही बघ. दार उघडायचं नाही हं."

"आय नो, आई."

फोनची रिंग जाऊ लागली की आमची लाटणी थांबायची. चिमीचा आवाज आला की लाटणी पुन्हा सुरू व्हायची.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी घरचा फोन नुसता वाजत राहिला. तिनं तीनदा लावला, मग तशीच कणकेच्या हातांनी निघाली. मी गाडी काढली. त्यांच्या बिल्डिंगसमोर चार पदरी रस्ता आहे. पार्किंगच्या टोकाला, त्या रस्त्याच्या अगदी कडेला, चिमी नुसत्या मोज्यांवर उभी होती. टपाल वाटणाऱ्या बाईनं तिचा हात घट्ट धरला होता. वर नवरा गाढ झोपलेला, बेल वाजून वाजूनही उठला नव्हता.

जीव भांड्यात पडला म्हणेपर्यंत त्या टपालवाल्या बाईनं बोलावलेला पोलीस आला. तोही सौम्यच होता. त्यानं नाव लिहून घेतलं, तिचे आणि नवऱ्याचे कामाचे तास लिहून घेतले, आणि रिपोर्ट जाईल, मुलांची काळजी बघणाऱ्या सरकारी खात्यातून कुणीतरी घरी येऊन बघून जाईल, असं सांगितलं. कोण येईल, कधी येईल, हे त्यालाही माहीत नव्हतं. ती चिमीला कडेवर घेऊन उभी होती आणि खाली उतरवायला तयार नव्हती.

दोन दिवसांनी ती एप्रन धुऊन, घडी करून घेऊन आली. ते सगळे दिराकडे चालले होते, दुसऱ्या राज्यात, त्याच्या तळघरात राहायला. बघून जायला येणारा माणूस अजून आला नव्हता. आपण गेलो तर पळालो असं वाटेल का, हे तिनं मला दोनदा विचारलं.

मला राहवेना. तव्यासमोर उभी राहून मी म्हटलं, "अगं, त्या फॉर्मवर लिहिलेलं मी वाचलं होतं. प्रत्येकी तीस."

"माहितीय," ती म्हणाली. "तुम्ही शेवटपर्यंत वाचलात, मी बघत होते. तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून मी म्हटलं बरोबरच असणार."

तिच्या आवाजात राग नव्हता. माझ्या तव्यावरची पोळी करपायला लागली होती. तिनं हात पुढे करून गॅस बारीक केला आणि गेली.