वैशाली, गणेश आणि मधली खिडकी

"हिच्यापुढं बिनधास्त बोला. ही कुणाला काय सांगणार नाय. भिंत हाय ती."

हे माझ्याबद्दल होतं, आणि मला ऐकू जाऊ नये म्हणून पॅकिंगच्या शोभाताई हळू बोलल्या होत्या. पण कंपनीच्या बसमध्ये सगळंच ऐकू येतं. माझ्या लग्नाला तीन महिने झाले होते, नोकरीला दोन. भिंत असण्याचा एक फायदा आहे, किस्से आपोआप येऊन साचतात.

*

क्वालिटीची वैशाली पुढच्या सीटवर, स्टोअरचा गणेश तिच्या मागच्या सीटवर, दोघांत सरकती खिडकी एकच. क्रांती चौकापासून पैठण रोडनं चितेगावच्या कंपनीच्या गेटपर्यंत भांडण. तिला खिडकी उघडी हवी, त्याला धुळीमुळं बंद.

एकदा ती म्हणाली, "डोकं तर बंदच आहे तुमचं. खिडकी तरी उघडी राहू द्या."

"धूळ जाऊ नये म्हणूनच बंद ठेवलंय ते," गणेश म्हणाला.

सगळी बस हसली. शोभाताई मात्र ड्रायव्हर रशीदचाचांना म्हणाल्या, या दोघांचं जमवायलाच पाहिजे. माझ्यासमोरच ठरलं सगळं.

*

पहिला डाव ठेच्याचा. शोभाताईंनी आपल्या घरचा ठेचा गणेशला दिला, वैशालीनं पाठवलाय म्हणून. गणेशला ॲसिडिटी. डोळे पुसत त्यानं डबी चाटूनपुसून संपवली.

मग ताईंनी वैशालीला सांगितलं, तुझ्या हातचं खायला मिळावं म्हणतोय बिचारा. दुसऱ्या दिवशी तिनं खरंच ठेच्याची डबी आणली. गणेश म्हणाला, "कालच्यापेक्षा आजचा सोसला." त्याबरोबर शोभाताईंना असा खोकला लागला, की पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही.

*

एका सकाळी रशीदचाचांनी मुद्दाम रस्त्यात बस बंद पाडली. इंजिन तापलंय म्हणाले. आम्हाला चहाला उतरवलं आणि डब्यांच्या पिशव्या सांभाळायला या दोघांना वर बसवलं.

परत आलो तर कडाक्याचं भांडण चालू होतं. पण एकाच सीटवर बसून.

"चलो जी," चाचा म्हणाले, "अब इंजिन ठंडा हो गया."

*

पुढं वैशालीला बघायला पाहुणे येणार असं ठरलं. मुलगा चांगला, नोकरी पक्की. वैशालीनं घरी नको म्हणून सांगितलं, आणि का नको ते शोभाताईंच्या कानात सांगितलं.

ताई घाबरल्या. आपल्या गमतीपायी पोरीचं चांगलं स्थळ जायचं! दुसऱ्या दिवशी बसमध्येच, दोघांसमोर, त्यांनी सगळं कबूल केलं. ठेचा त्यांचा, निरोपही त्यांचेच. तो तिच्याबद्दल काही बोलला नव्हता, ती त्याच्याबद्दल नाही.

वैशाली उठून पार पुढं जाऊन बसली. गणेश मान खाली घालून बसला. एवढा शांत पैठण रोड मी कधी पाहिला नव्हता. मग वैशालीनं आईला फोन लावला, रविवारी येऊ दे म्हणाली पाहुण्यांना.

मी उभी राहिले.

"गणेशभाऊ, मी कामाला लागले त्या पहिल्याच दिवशी तुम्ही चाचांना गाडी थांबवायला लावली होती. 'दोन मिनिटं थांबा, वैशाली यायचीय,' म्हणाला होता. तेव्हा तर शोभाताईंनी तुम्हाला काहीच सांगितलं नव्हतं."