द्वादशीची ओहोटी

मधुमती केळुसकरला मोठ्या माणसाला "तुमचं चुकतंय" असं म्हणताच येत नसे. कार्डिफच्या हॉस्पिटलात, पॅथॉलॉजी लॅबमध्ये बारा वर्षं झाली तिला. रक्ताच्या थेंबात काय बिघडलंय ते बरोब्बर ओळखायची. पण एखाद्या कन्सल्टंटने आवाज चढवला की बाईंची मान खाली आणि तोंडाला कुलूप. नवरा श्रीनिवास भूलतज्ज्ञ. तो चिडवायचा, "तुझ्या जिभेला कुणी भूल दिली गं?" ती हसून सोडून द्यायची. वेंगुर्ल्याच्या बंदरखात्यात तीस वर्षं काढलेल्या विष्णूपंतांची मुलगी ती. बाबांपुढे ब्र काढायचा नाही हे दुधाबरोबर पाजलेलं.

तर हे विष्णूपंत अठ्ठ्याऐंशीच्या एप्रिलात लेकीकडे आले. बायको जाऊन सहा महिने झाले होते. आल्यापासून गॅस फायरसमोर शाल घेऊन बसायचे, न कळणाऱ्या टीव्हीकडे बघायचे आणि दोन घास खाऊन उठायचे. मधुमतीचा जीव तिळतिळ तुटायचा. शेवटी एकदा ती म्हणाली, "बाबा, इथे खाडीत कॉकल्स नावाचे शिंपले मिळतात. आपल्या तिसऱ्यांची मावसबहीणच म्हणा ना!" म्हातारा खुर्चीत ताठ बसला. लगेच बॅगेतून पंचांग निघालं.

"शनिवारी द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ. म्हणजे नऊला पूर्ण भरती, तीनला पूर्ण ओहोटी. साडेबाराला पुळणीवर उतरायचं, पाण्यामागोमाग चालत जायचं. गोळा करून हळूहळू परत फिरलं तरी पाणी आपल्या मागेच."

हा कोकणातला हिशोब. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. विष्णूपंतांचा तो जन्मात कधी चुकला नव्हता. पण महाराज, तो वेंगुर्ल्याच्या दर्याचा हिशोब! वेल्सच्या समुद्राला पाणी कधी मागे घ्यायचं हे पंचांग थोडंच सांगणार?

बँक हॉलिडेच्या वीकेंडचा तो शनिवार. श्रीनिवास ऑन-कॉल होता, म्हणून मधुमतीनेच गाडी काढली. सोबत बाबा आणि तेरा वर्षांची लेक मंजिरी. साडेबाराला पोचले तर खाडी मैलभर उघडी पडलेली. कार पार्कमध्ये पाटी होती. मंजिरीने ती वाचली आणि म्हणाली, "आजोबा, बोर्डवर लिहिला आहे, लो वॉटर इलेव्हन-ओ-फाइव्ह. मग आता पाणी आत येतोय ना?"

विष्णूपंत हसले. "ह्या लोकांनी पाटी कधीची लावलेली असेल! चल गो बाय, तीनपर्यंत दर्या मागे हटणारच."

मधुमतीनेही पाटी वाचली. तारीख आजचीच होती. ओहोटी अकरा वाजून पाचला संपलेली. तिने बाबांकडे पाहिलं. म्हातारा पँट गुडघ्यापर्यंत दुमडत होता आणि महिन्याभरात पहिल्यांदा काहीतरी गुणगुणत होता. आता आपण तोंड उघडलं तर हे पुन्हा त्या शालीत जाऊन बसतील, असं तिच्या मनात आलं. "मंजिरी, आजोबांना शिकवू नकोस," ती म्हणाली. काय म्हणावं या बाईला! मनाशी ठरवलं, अर्ध्या तासात काहीतरी निमित्त काढून परत फिरवू.

वाटेत एक ओहोळ आडवा आला, घोट्याइतका. बाबांनी ओंजळ तोंडाला लावली. "गोडं पाणी! जिथे गोडं नि खारं मिळतं ना मंजू, तिथे दर्या जीव पोसतो." पलीकडे वाळूवर चकल्या पाडल्यासारखी वेटोळी होती. ती किड्याने पोटातून काढलेली वाळू, हे त्यांनी नातीला दाखवलं. बोटाने उकरल्यावर दोन इंचांवर कॉकल्स लागले, नुसते खच्चून भरलेले. पाण्याच्या काठाला काळे-पांढरे पक्षी लाल चोची खुपसत होते. मंजिरीही रंगली. पाटी विसरली. कॉकल गोळा करणारे गावकरी भरल्या घोडागाड्या घेऊन उलटे किनाऱ्याकडे निघाले होते; त्यातल्या एकाने हात हलवून काही ओरडून सांगितलं. बाबांनी खुशीत हात हलवला. मधुमतीने घड्याळ पाहिलं. एक वाजून दहा.

"बाबा, निघू या का? तुमचे गुडघे..."

"अगं, आत्ता तर आलोय! दहा मिनिटं."

दहाची वीस झाली. तिने दुसऱ्यांदा म्हटलं नाही. मग ते पक्षी एकदम उठले आणि त्यांच्या डोक्यावरून किनाऱ्याकडे गेले. मागे पाण्याची एक पातळ, तपकिरी किनार सपाट वाळूवरून सरकत येत होती. आवाज नाही, लाट नाही.

विष्णूपंत सरळ उभे राहिले. "हे उलटं कसं?" ते पुटपुटले.

"बाबा, पिशवी टाका. चला!"

ओहोळापाशी आले तर तो ओहोळ राहिलाच नव्हता. घोट्याइतकं होतं ते आता मांडीच्या वर, आणि पाणी किनाऱ्याच्या दिशेने धावत होतं. बाबांनी ओंजळ तोंडाला लावली आणि पाणी थुंकून टाकलं. "खारं," ते म्हणाले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. बंदरावर उभं आयुष्य काढलेला माणूस. याचा अर्थ त्यांना कुणी सांगायला नको होता. समोर धार, मागून समुद्र, आणि ते तिघे मधल्या वाळूच्या उंचवट्यावर.

"हात धरा माझा," मधुमती ओरडली. तिघे धारेत उतरले. चार पावलांवर बाबांचा पाय चिखलात घोट्यापर्यंत रुतला. ओढावं तो आणखी खोल. पाणी बर्फासारखं गार, मंजिरीच्या छातीपर्यंत. पोर घसरली, गटांगळी खाऊन वर आली, आईच्या गळ्यात पडली.

"माझा हात सोड," बाबा म्हणाले.

"नाही!"

"मधू, सोड म्हणतो ना! पोरीला ने आधी!"

तिने सोडला. त्या आज्ञेपुढेही तिचं 'नाही' टिकलं नाही, आणि पोरीसाठी ते टिकवायचंही नव्हतं. मंजिरीला कवटाळून ती धारेत तिरकी ओढली जात राहिली. दोनदा खालची वाळू सुटली. तिसऱ्यांदा पाय टेकले ते पलीकडच्या उतारावर. वळून पाहते तर बाबांच्या कमरेपर्यंत पाणी होतं. ते तिच्याकडे बघत नव्हते. दोन्ही हातांनी पाय उपसायला धडपडत होते. ती परत उतरणार तोच मंजिरीने मागून तिचा कोट धरला. "मम्मी, नो! मम्मी, तू नको जाऊ!" पोरीच्या हातात काय बळ आलं होतं! मधुमती जागच्या जागी उभी राहून "बाबा! बाबा!" एवढंच ओरडत राहिली.

घोड्याची चाहूल तिला लागलीच नाही. मघाशी हात हलवणारा तो वेल्श कॉकलवाला इद्रिस, गाडी रिकामी करून परत आला आणि थेट धारेत शिरला. घोडा पोटापर्यंत पाण्यात. इद्रिसने बाबांच्या काखेत दोर अडकवला आणि घोड्याला मागे रेटलं. पहिल्या हिसक्याला काही नाही. दुसऱ्या हिसक्याला म्हातारा बूट चिखलात सोडून वर आला. पाणी तोवर त्यांच्या खांद्याला लागलं होतं.

इद्रिसच्या स्वयंपाकघरात त्याच्या बायकोने तिघांना ब्लँकेटं गुंडाळली आणि हातात कडक, गोड चहा दिला. विष्णूपंतांचे दात वाजत होते. कप ओठांपर्यंत जाईना. मंजिरी हुंदके देत म्हणाली, "आजोबा, मी सांगितला होता ना बोर्डचा..."

"सांगितलंस गो बाय. मीच ऐकलं नाही." मग त्यांनी मधुमतीकडे पाहिलं. "तू वाचली होतीस ती पाटी?"

"हो."

"आजची होती?"

"हो, बाबा."

"मग बोलली का नाहीस?"

तिला खोटं बोलता आलं असतं. "तुम्ही इतके खूश होतात," ती म्हणाली. "आणि तुमचं चुकलं असं मी कधी..."

विष्णूपंतांनी कप खाली ठेवला. आवाज मोठा नव्हता, रागही नव्हता. नुसता पार खचलेला होता.

"माझा मान राखायला तू पोरीला पाण्यात घातलंस, मधू?"

मधुमतीने मंजिरीचं ओलं डोकं छातीशी धरलं आणि ती मोठ्याने रडू लागली. विष्णूपंत तिला गप्प करायला उठले नाहीत.