मामाच्या गाडीचा दांडा

माझ्या लग्नात भटजींनी 'मुलीच्या मामानं मुलीला घेऊन यावं' असं तीनदा पुकारलं, तेव्हा मुलीचा मामा स्टेजखाली उताणा पडून पाचर ठोकत होता. नवरदेव चढताना फळी हलली हे त्यानं पाहिलं होतं, आणि एकदा पाहिल्यावर मंगलाष्टकं काय नि मुहूर्त काय. बाहेर आला तो पाठीला धूळ आणि फेटा वाकडा. माझा हात धरून म्हणाला, "चल. आता पन्नास लोकं चढले तरी हालत नाई." त्या खरखरीत हाताची पकड मला अजून आठवते, कारण त्या काळी हात देणं त्याला एरवी सुचायचंच नाही. तो वस्तू बनवून द्यायचा.

पांढरकवड्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये तो फिटर होता, म्हणून सगळ्या गावाचा फिटर मामा. मी सख्खी भाची, तरी मीही तेच म्हणायची. मूलबाळ नव्हतं. घरात तो, मामी आणि अंगणभर लोखंड. कुणाची शिलाई मशीन अडो की कूलर, तो एवढंच म्हणायचा, "ठेवून जा." ते ऐकलं की माणूस निर्धास्त घरी जायचा.

मामीचं दुखणं मात्र ठेवून जाण्यासारखं नव्हतं. तिचे गुडघे वाकत नव्हते. घरी मामानं लोखंडी खुर्ची कापून तिच्या बेताचा कमोड केला होता, पण बाहेरगावी गेलं की खाली बसायचा संडास, आणि तोही पाहुण्यांनी भरलेल्या घरात. एकदा महागावला लग्नाला गेली तर पहाटेपासून पाण्याचा घोट घेतला नाही, जावं लागू नये म्हणून. भर मांडवात चक्कर येऊन पडली. तेव्हापासून तिनं गावाला जाणंच सोडलं. भोपाळला दिलेली तिची धाकटी बहीण दरवर्षी बोलवायची आणि ही दरवर्षी काहीतरी कारण सांगायची. खरं कारण बायका कुणाला सांगतात का?

मामाला ते सांगावं लागलं नाही. रिटायर झाला त्याच महिन्यात त्यानं भंगारात निघालेली शाळेची पिवळी मिनीबस अंगणात आणून उभी केली. मामी कपाळाला हात लावून म्हणाली, "आता हे कायले?" तो म्हणाला, "संडासच्या भेवानं बाई पाणी पेत नाई, हे काही बरोबर नाई. आपण आपला संडासच सोबत नेऊ." गावात यावर महिनाभर हसणं झालं. मीही हसले, कबूल करते.

पण त्या गाडीत त्याचं डोकं पाहावं. मागच्या कोपऱ्यात कमोड, खाली झाकणाची बादली आणि बाजूला लाकडाच्या भुशाचा डबा. वरून दोन ओंजळी टाकल्या की वास नाही. टपावर काळा रंग दिलेला जाड पाईप, त्यात पाणी भरून ठेवलं की दुपारपर्यंत आंघोळीपुरतं गरम. बाकी टपाला चुना, खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या, नाहीतर आमच्याकडच्या मे महिन्यात आतलं माणूस भाजून निघेल. जुन्या स्पीकरची लोहचुंबकं फळीखाली बसवून त्यावर स्टीलचे डबे ठेवले, ते खड्ड्यातही जागचे हलत नसत. सायकलच्या ट्यूबचे गोल काप बाटल्यांना घातले, खडखड बंद. गाडी सपाट जागेवर उभी आहे की नाही हे पाहायला खिडकीपाशी अर्धी भरलेली बाटली आडवी बांधली होती. प्रत्येक गोष्ट दाखवून झाली की विचारायचा, "पाह्य बरं, आणखी काय लागते?"

पहिली फेरी कळंबला, चिंतामणीच्या दर्शनाला. तेव्हा मी तिथल्या शाळेत नुकतीच नोकरीला लागले होते, रस्त्यावर वाट पाहत उभी राहिले. मामी खिडकीतून मान काढून मोठ्यानं म्हणाली, "सुमे, दोन तांबे पाणी पेली मी रस्त्यानं." लोकांनी वळून पाहिलं. तिला पर्वा नव्हती. त्या दिवसाइतकी आनंदात मी तिला कधीच पाहिली नाही. परत जाताना म्हणाली, "आता भोपाळ."

भोपाळ राहिलं. त्याच हिवाळ्यात मामीचा उजवा हात वर जाईना. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, नसांचा आजार आहे, वाढत जाईल. गाडीत चढायला दाराशी दांडा होता, तिच्या खांद्याच्या उंचीवर, जिनिंगच्या जुन्या पाइपचा. मामानं तो चार बोटं खाली घेतला. दांडा खाली आला म्हणून पायरी वाढवावी लागली, पायरी वाढली म्हणून दार अडलं, दार घासलं तर आतली खाट उंच वाटायला लागली. सगळं जमेपर्यंत मामीचा हात आणखी उतरलेला असायचा. मग पुन्हा चार बोटं. गाडी मामीच्या मापाची झाली की मामीचं माप बदललेलं. मामा म्हणायचा, "बस, एवढं फिनिशिंग राह्यलं. आठ दिवसांत निघू."

मामीनं बहिणीसाठी मुगवड्यांचा डबा भरून गाडीतल्या फळीवर ठेवला होता. दुपारी दाराशी खुर्ची टाकून बसायची आणि त्याचं ठोकणं ऐकायची. एकदा माझ्यादेखत म्हणाली, "अवं, राहू द्या तो दांडा. तुमी फक्त हात द्या मले. चढते मी."

तोंडातला स्क्रू काढून तो म्हणाला, "हात आज आहे. उद्या मलेच काही झालं तर कोणाचा धरशीन? दांडा कायमचा राह्यते."

ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "तू तरी सांग त्यायले. अर्धी गाडी चालते मले." आणि मी काय बोलावं? "मामी, होऊ द्या ना त्याच्या मनासारखं. वाटेत अडकलात तर?" शहाणपणाच शिकवला. त्या एका वाक्याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही, करणारही नाही. मामाला मीच सांगू शकत होते. माझं तो ऐकायचा.

पाचव्यांदा दांडा बसवला तेव्हा तो कमरेशी आला होता. मामीनं तो एकदाही धरला नाही. त्याच आठवड्यात तिला घास गिळणं जमेना, आणि महिनाभरात ती गेली.

तेरवीला भोपाळची बहीण आली. तिला गाडी पाहायची होती. आम्ही अंगणात गेलो तर दाराशी दांडा नव्हता. मामानं तो उपटून काढला होता. खांद्यापासून कमरेपर्यंत भोकांच्या पाच जोड्या तेवढ्या दिसत होत्या. तो पायरीशी उभा राहिला आणि त्यानं हात पुढे केला. "या. सावकाश." बहीण धडधाकट बाई, तरी हात धरून चढली. आत जाऊन तिनं तो मुगवड्यांचा डबा मांडीवर घेतला आणि मग तिचं रडणं थांबेना. मामा बाहेरच होता. मला म्हणाला, "सुमे, ती हात मांगत होती. मी तिले दांडाच देत राह्यलो."

त्यानंतर गाडी थांबली नाही. लग्नाच्या हंगामात ती मांडवामागे उभी असायची, आणि गुडघे धरून बसलेल्या बायका न लाजता तिकडे जायच्या. नवरात्रात केळापूरला देवीच्या दर्शनाला, कधी तपासणीसाठी नागपूरला. प्रत्येकीला तो हात देऊन चढवायचा आणि हात देऊन उतरवायचा. म्हातारी असो की तरणी, मी असो की माझी मुलगी. कुणी सुचवलं, मामा, इथं दांडा लावा, तर म्हणायचा, "मी आहो ना." भोपाळला मात्र गेला नाही. मी एकदा आग्रह केला, तर म्हणाला, "कोणाले घेऊन जाऊ?"

यंदा मार्चमध्ये तो गेला. गाडी आता कळंबला आमच्या अंगणात आहे. नवरा म्हणतो, तुझेही गुडघे कुरकुरायला लागलेत, दांडा बसवून घेऊ. मी नको म्हटलं. गाडी आणली त्या संध्याकाळी आत झाडून घ्यावं म्हणून गेले. पायरीवर पाय ठेवला आणि सवयीनं उजवा हात बाजूला केला, मामाचा हात यायचा तिथे. थोडा वेळ तसाच धरून ठेवला. मग पाय खाली घेतला आणि घरात आले.