लाइन ठीक आहे, मावशी

माझा भाऊ कमलेश घरोघरी वायफाय बसवते. एकोडी गावची धानाची शेती सोडून तो सानगडीले आला, माझ्याच आळीत राहिला, अन् आता गावातले अर्धे वायफायचे डबे त्याच्याच हातचे आहेत. मानूस सोन्यासारखा, पण एक खोड. त्याच्या लाइनले कोणी नाव ठेवलं की त्याले झोंबते. "नेट खराब आहे" म्हणा, लॅपटॉप काखेत मारून हजर! काळ्या पडद्यावर पिंग लावते अन् आकडे मोठ्यानं वाचते. बायकोनं सांगितलेली भाजी विसरते, पण हे नाही विसरत.

माझ्या शेजारी सत्यभामाबाई राहते, आम्ही तिले मावशी म्हणतो. नवरा सेवकराम गेला, पोरगा कैलाश पुण्यात. त्याले व्हिडिओ कॉल लावायचा, हाच तिचा सण. पण मावशीनं काही विचारलं की कैलाश थोडा वेळ गप्पच बसे. मग म्हणे, "आई, आवाज तुटून राहिला, नंतर बोलू." मावशी नेटले शिव्या घाले अन् मनातून खुश राहे. पोरगा चांगला, नेट मेलं खराब!

तिची तक्रार पुन्हा पुन्हा येऊ लागली तसा कमलेश भडकला. "माझी लाइन? थांब, दाखवतोच!" कैलाशचा कॉल सुरू असतानाच त्यानं बाजूले पिंग लावला.

"हे काय होय रे?" मावशीनं विचारलं.

इथंच त्यानं शहाणपणा केला. म्हणे, "मावशी, सेवकराम काका तलावाचं पाणी सोडायचे तेव्हा तू धानाच्या शेवटच्या बांधीत, पार टोकाच्या वाफ्यात, उभी राहायची ना? ते हाक मारत, पाणी आलं की तू ओ देत होती. हे तसंच. इथून हाक जाते, तिकडची मशीन ओ देते. त्याले किती वेळ लागला, तो हा आकडा. ओ आलीच नाही, म्हणजे पाट कुठंतरी फुटला."

मावशीले बरोबर समजलं. तीस, एकतीस, तीस. पापणी लवायच्या आत ओ येऊन राहिली होती. अन् नेमका तेव्हाच कैलाश म्हणाला, "आई, आवाज तुटून राहिला." कॉल कटला.

कमलेशनं टाळीच वाजवली. "पाहा! एक ओ चुकली नाही. लाइन ठीक आहे, मावशी!"

मावशी फोनकडे पाहत राहिली. म्हणाली, "म्हणजे हाक पोचते. ओ देणाराच देत नाही."

मी भावाले चिमटा काढला, पण बैल गेला अन् झोपा केला. त्या दिवसापासून मावशीनं कॉल लावणं सोडलं. नुसती दारात बसून राहे. मले इतका राग आला! "जिंकला ना रे तू? नाच आता!" म्हटलं त्याले.

मग एक दिवस तो तोंड पाडून माझ्या घरी आला. "ताई, मी चुकलो. मी पिंग लावला तो नागपूरच्या मशीनले. कैलाशच्या घरापर्यंत मोजलंच नाही! पाटाच्या तोंडाशी पाणी पाहिलं अन् शेवटची बांधी भिजली म्हणून मोकळा झालो. धानवाल्याच्या पोरानं हे करावं? पुण्यात त्याचंच नेट खराब असन तर?"

"मग मले काय सांगून राहिला? तिले सांग!"

दोघंही गेलो. त्यानं सगळं सांगितलं, कान धरले. मावशीनं ऐकून घेतलं अन् त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "राहू दे बापू. मले बरं वाटावं म्हणून बोलून राहिला तू. पाणी आलं का नाही, हे शेवटच्या बांधीतल्या बाईले कोणी शिकवते का?"

खरं बोलत होता बिचारा, पण आता त्याच्या खऱ्याले कोण विचारते! त्याचे डोळे भरले. माझेही.

तेवढ्यात फोन वाजला. कैलाश! "उचल ना मावशी," मी म्हटलं, "पोरानं स्वतःहून लावला."

मावशीनं फोन कमलेशच्या हातात दिला. "तूच उचल. सांग, आईकडचं नेट खराब आहे."

कमलेशनं माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. आपल्या लाइनले कोणाले नाव ठेवू न देणारा माझा भाऊ फोन कानाले लावून हळूच म्हणाला, "कैलाश, इकडचं नेट खराब आहे रे."

तिकडून लगेच उत्तर आलं, "आवाज तर साफ येऊन राहिला, दादा. आईले दे ना."

मावशी तोवर उठून आत गेली होती.