एकपाकळी लसूण

हे मी सहसा कुणाला सांगत नाही. पण माझ्या कुंडीचा तिसरा खण रिकामा का, हे तुम्ही आल्यापासून तिसऱ्यांदा विचारताय. घ्या चहा, आणि ऐका. मध्ये हसायचं नाही.

आम्ही तेव्हा जपानात होतो, निशी-कसाईला. भूकंपात अणुभट्टी फुटली, तेव्हापासून किरणोत्साराच्या भीतीने भाजीची प्रत्येक जुडी कुठून आली ते बघूनच पिशवीत टाकायचो. शेवटी म्हटलं, मरू दे, घरीच लावते. तीन खणांची लांबट कुंडी आणली. एकात कोथिंबीर, दुसऱ्यात मेथी. तिसऱ्यात काय? पुदिना लावावा तर माजतो. आलं थंडीत टिकत नाही. आठवडाभर नवऱ्याचं डोकं खाल्लं.

आणि मग इमारतीखाली कुणीतरी टोपलीत गड्डे ठेवलेले दिसले, हवे त्याने न्या म्हणून. तपकिरी, गोल, आत पाकळ्याच नाहीत. अहो, एकपाकळी लसूण! हृदयाला चांगला म्हणून माझी मावशी तो बाजारभर शोधत फिरायची, आणि इथे फुकट. उचलले सहा.

पात छान तरारली. वास मात्र येईना. आता इथली मिरचीसुद्धा बेताचीच तिखट, तिथे लसूण काय वास मारणार? अशी मीच माझी समजूत घातली.

फेब्रुवारीत मोठी पात कापली, घरातला लसूण आणि दाणे घालून चटणी ठेचली. झाली जेमतेम वाटीभर. शेजारी मोरिता-सान राहायचे, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, एकटे, हृदयाचं ऑपरेशन झालेले. भूकंपानंतर लिफ्ट बंद होती तेव्हा याच माणसाने आमचं पाणी चार जिने चढवून आणलं होतं. तेव्हापासून काही खास केलं की एक डबा त्यांचा. पहिल्या पिकाचा मान त्यांचा. मी चाखलीसुद्धा नाही, सगळी डब्यात भरून देऊन आले.

दुपारी लेक शाळेतून आली. बाल्कनीत उभी राहून म्हणाली, "मम्मा, आपल्याकडे पण सुइसेन? कळी आलीय."

"ती लसणीची पात आहे गं."

"नाही, हे फूल असतं. शाळेत आहे आमच्या. सेन्सेई म्हणतात, पानं चुकूनही खायची नाहीत. विषारी असतात."

 तशीच धावले. बेल वाजवली, उत्तर नाही. आत टीव्ही चालू. दार बडवलं. माझ्या डोळ्यांसमोर पोलीस, वकिलात, सगळं येऊन गेलं. पण खरं सांगू? त्यांचं ते पाणी घेऊन धापा टाकत वर येणंच जास्त आठवत होतं. मी रडायलाच लागले.

दार उघडलं. मोरिता-सान टॉवेलने तोंड पुसत उभे.

"चटणी खाल्लीत?"

"हो, हो. फार चविष्ट होती," ते वाकून म्हणाले.

मी फोन काढला आणि रुग्णवाहिकेचा नंबर लावायला लागले. माझ्या मोडक्या जपानीत विष, फूल, हृदय एवढंच तोंडातून निघत होतं. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"थांबा," ते म्हणाले, आणि मला फ्रिजपाशी घेऊन गेले. डबा जसाच्या तसा. झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं.

"अहो, पण चविष्ट होती म्हणालात."

त्यांनी मान खाली घातली. "माफ करा. तुमचा पहिला डबा खाल्ला, तेव्हा तीन दिवस पोट बिघडलं होतं. त्यानंतरचं सगळं मंगळवारी आणि शुक्रवारी, जाळायच्या कचऱ्यात."

म्हणजे माझी पुरणपोळी, माझी भरली वांगी, दोन वर्षांचं सगळं. आणि दर वेळी डबा घासून, वर दोन संत्री ठेवून परत. मला रागही येईना. मी तिथेच जमिनीवर बसून हमसून हमसून रडले आणि ते बिचारे मला पाणी देत होते.

संध्याकाळी जेवताना नवऱ्याला सगळं सांगितलं. म्हटलं, "ठणठणीत आहेत ते. दोन वर्षं माझ्या हातचा घास खाल्लेला नाही."

त्याने स्वतःच्या ताटाकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "असंही करता येतं होय?"