साथीला बसणाऱ्या शालिनीताई

शालिनीताई रंगारी मला पहिल्यांदा भेटल्या त्या माझ्या मुलाखतीत, स्मृती नगरातल्या त्यांच्या सॉफ्टवेअरच्या छोट्याशा कार्यालयात. ढोलक वाजवतो हे बोलायचं नाही, असा बाबांचा सक्त हुकूम होता. पण घाबरलो की माझी बोटं टेबलावर ठेका धरू लागतात. ताईंनी ते पाहिलं. "ढोलकवाला दिसतोस. कावून लपवून राहिला?" झालं, गेली नोकरी! पण ताई म्हणाल्या, "उद्यापासून ये."

ताईंचे वडील स्टील प्लांटमध्ये कामाला होते. ताई तरुणपणापासून भीमगीतांच्या पार्टीत पेटी वाजवत आल्या. पेटीवर बसणारी व्यक्ती संगणकात शिरते कशी आणि इतकी रमते कशी, याचं मला आजही कुतूहल आहे. विचारलं की ताई हसतात, "दोन्हीकडं बसूनच काम हाय ना बापा!" आता हे काय उत्तर झालं?

थोडं उत्तर मला एका औषधाच्या दुकानात मिळालं. मी केलेला बिलाचा पहिलाच प्रोग्राम तिथल्या काकांनी परत केला. "हे उचला अन् न्या." माझं धाबं दणाणलं. ताई मला घेऊन गेल्या आणि काकांशेजारी स्टूल टाकून बसल्या. दुपारपर्यंत नुसतं पाहणं. काका आधी गिऱ्हाइकाशी बोलत, मग औषध काढत, किंमत सगळ्यात शेवटी. माझा प्रोग्राम मात्र सुरुवातीलाच किंमत मागायचा. बाहेर आल्यावर ताई म्हणाल्या, "गाणारा अजून सूर लावून राहिला, अन् तू ठेका धरून पळून राहिला. कसं जमते?" क्रम बदलला आणि काकांनी प्रोग्राम ठेवून घेतला.

खरं संकट घरात होतं. नोकरी पक्की होताच बाबांनी माझी ढोलक विकायला काढली. मला रडू कोसळलं, सांगायला लाज कसली! ताईंना कळताच त्या कॅम्प-१ वस्तीतल्या आमच्या घरी आल्या. चहा घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "दादा, ढोलक विकाल तर पोराले कामावर पाठवू नका."

बाबा चाटच पडले. "अवो बाई, लोक ढोलकपायी नोकरी देत नाहीत, अन् तुमी..."

"मले वाजवणाराच पायजे. दुसऱ्याचं ऐकाची सवय राहते त्याले."

ढोलक राहिली.

ताईंना आज साठ वर्षं पूर्ण होत आहेत. ताई, तब्येत ठणठणीत ठेवा, भरपूर जगा आणि आम्हाला असंच दटावत राहा. बाबांचाही निरोप आहे, जसाच्या तसा लिहितो: "बाईले म्हणा, शंभर वर्षं जगा. तुमच्या धाकानं ढोलक घरात राह्यली. आता पोरगा एक दिवस वाजवत नाही, तं मलेच करमत नाही."