विहिरीत सोडलेला दिवा आणि सागाची पाने

विहिरीत माणूस उतरण्याआधी दिवा उतरवायचा, हे मला कोणी शिकवले नाही. मी ते पाहिले. बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या घरामागे चार बिऱ्हाडांत मिळून एक विहीर होती. उन्हाळ्यात पाणी तळाला गेले की गाळ काढायला माणसे येत. तेव्हा वडील एका लहानशा पितळी बादलीत पेटती चिमणी ठेवून ती दोराने हळूहळू खाली सोडत, आणि आम्ही मुले काठावर पालथी पडून तो उजेड खाली जाताना बघत असू. एका वर्षी दिवा निम्म्यावर पोचला आणि विझला. वारा नव्हता. ज्योत फडफडली नाही की हलली नाही. कोणी चिमटीत धरावी तशी मिटली. गाळ काढणारा माणूस धोतर खोचून उतरायला तयार होता. वडिलांनी त्याला दंडाला धरून मागे ओढले. मग कडुनिंबाच्या फांद्यांचा भारा दोराला बांधून सगळी दुपार तो विहिरीत खालीवर करत राहिले. पुन्हा सोडलेला दिवा तळापर्यंत जळत गेला, तेव्हाच तो माणूस उतरला.

पुढे कॉलेजात इंग्रजीतून रसायनशास्त्र शिकताना मला कळले की तो कार्बन डायऑक्साइड होता. हवेपेक्षा जड असतो, मातीतून झिरपतो, खोल जागी साठतो. नाव कळल्याने भीती गेली नाही. आधी ती अंधाराची होती, आता ती नेमकी झाली.

मुलांनो, हे आज लिहायला बसले, कारण गेल्या रविवारी तुम्ही फोनवर तुमच्या घरामागचे रान दाखवलेत, "आजी, बघ किती हिरवं" म्हणालात, आणि मी काहीच बोलले नाही. तुम्हाला वाटले नेटवर्क गेले. गेले नव्हते.

तुमच्या आईचे लग्न झाले तरी सुट्टीचा दिवस सोडला तर ती आमच्याकडेच राहत असे. तुमच्या बाबांची नोकरी अंकलेश्वरला होती आणि तिचे पीएच.डी.चे काम बडोद्यात. घरोघरी नुकती केबल आली होती, प्रत्येक नाक्यावर एसटीडीचा बूथ झाला होता, आणि शहराच्या उत्तरेला छाणीकडे जाताना शेते होती तिथे कारखान्यांच्या शेड उभ्या राहत होत्या. जो तो भरभराटीच्या गोष्टी करत असे. मला मात्र वारा उत्तरेचा झाला की खिडक्या लावून घ्यायची सवय लागली होती. आजोबा त्यावरून मला चिडवत. म्हणत, हिच्या नाकात कारखान्याचा इन्स्पेक्टर बसला आहे.

तुमच्या आईने कॉलेजच्या मैदानात तंबू उभारले होते. भिंती जाड प्लास्टिकच्या, वरून उघडे. प्रत्येकात सागाची रोपे, आणि माती जांबुघोड्याच्या रानातून पोती भरभरून आणलेली. काही तंबूंत साधी हवा, काहींत नळीने कार्बन डायऑक्साइड सोडलेला. हवेत हा वायू वाढत चालला आहे, तर उद्या रानाचे आणि रानाखालच्या मातीचे काय होईल, हा तिचा प्रश्न होता. मला तो चांगला वाटे, पण दुसऱ्या कोणाच्या मुलीने सोडवावा असेही वाटे.

चैत्रातल्या हळदीकुंकवाची तयारी चालली होती. मी आंब्याची डाळ कालवत होते. तेव्हा तिने स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून सांगितले की दिवस राहिले आहेत. थोरले, ती तू होतीस. मी हात धुतले, तिला जवळ घेतले, आणि पहिले वाक्य बोलले ते हे :

"उद्यापासून त्या गॅसमध्ये जायचं नाही."

ती हसली. म्हणाली, तो विषारी नाही, आपण श्वासातून सोडतो तोच आहे. मी म्हटले, विहिरीतलाही तोच होता. विहिरीची गोष्ट तिने माझ्याकडून हजारदा ऐकलेली होती.

"मग तुझा दिवा घेऊन ये," ती म्हणाली. "विझला तर काम सोडते. नाही विझला तर तू पुन्हा हा विषय काढायचा नाहीस."

तिने ते थट्टेत म्हटले असावे. मी असली बोलणी थट्टेत घेत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पितळी बादली, चिमणी, काडेपेटी आणि सुताचा दोर पिशवीत घालून मी तिच्याबरोबर रिक्षात बसले.

तिचे मार्गदर्शक एक वयस्कर गुजराती गृहस्थ होते. बादली बघून म्हणाले, "मासी, आरती करवा आव्या छो?"

"हो, पण प्रसाद मिळणार नाही," मी म्हटले. बडोद्यात मराठी कळत नाही असा माणूस विरळा. ते मोठ्याने हसले. पण त्यांनी मला अडवले नाही, उलट दोर स्वतः धरला. आधी गॅसची नळकांडी ठेवलेल्या खोलीत जमिनीलगत बादली ठेवली. दिवा जळत राहिला. मग गॅसच्या तंबूत, अगदी मातीला टेकवून. मी मनातल्या मनात एक स्तोत्र पुरे होईपर्यंत तिथे उभी राहिले. ज्योत सरळ, पिवळी, देवघरात असते तशी. आजूबाजूला सागाची पाने सुपाएवढी झाली होती. शेजारच्या साध्या तंबूतली त्यांच्यापुढे किरकोळ दिसत होती.

"ही तर चांगली बाळसेदार आहेत," मी म्हटले. तुमच्या आईने एक पान बोटांत धरून पाहिले.

शब्द दिला होता, तो पाळला. ती कामावर जात राहिली. कितीतरी दिवसांनी मला शांत झोप लागली.

श्रावणात डॉक्टरीणबाईंनी सांगितले की रक्त कमी आहे, आणि मुलाची वाढ पाहिजे तशी नाही. त्यांनी कारणे सांगितली, औषधे दिली, घाबरण्यासारखे काही नाही म्हणाल्या. माझ्या डोळ्यांपुढे तंबू उभा राहिला. पण दिवा विझला नव्हता, मग मी कोणत्या तोंडाने बोलणार? मी स्वयंपाकघरात शिरले. खजूर, बीट, पालक, नाचणीची खीर, काळ्या मनुका. ती मुकाट्याने सगळे खाई. पुढच्या तपासणीलाही फारसा फरक नव्हता.

त्या दिवशी जेवताना मी न राहवून म्हटले, "खाल्लेलं अंगी लागत नाहीये तुझ्या."

तिने घास तसाच ताटात ठेवला. माझ्याकडे अशी बघू लागली की मला वाटले, तिच्या पोटात दुखायला लागले.

"आई, माझ्या सागांचं अगदी हेच झालंय," ती म्हणाली.

मग तिने मला समजेल असे सांगितले. पाहुणे वाढले की आपण वरणात पाणी घालतो. वाट्या भरतात, पण डाळ तेवढीच असते. त्या वायूत वाढलेली पाने तशी आहेत. कर्ब म्हणजे कार्बन भरपूर, नत्र म्हणजे नायट्रोजन कमी. ती गळून खाली पडतात. मातीतल्या बुरशीला आणि जिवाणूंना त्यांच्यावरच जगायचे असते, पण नत्र त्यांनाही लागते. पानात पुरेसे मिळाले नाही, की ते मातीतले धरून ठेवतात. झाडाच्या वाट्याला कमी येते. मग झाड आणखी पातळ पान काढते. तिची ती बाळसेदार झाडे पहिल्या वर्षी केवढी पुढे गेली होती, आणि या पावसाळ्यात साध्या हवेतल्यांनी त्यांना जवळजवळ गाठले होते.

"हे कुठे थांबतं?" मी विचारले.

"माहीत नाही. थांबतं की नाही तेही नाही. म्हणून तर करतेय."

मी उठून तिच्या पाठीवर हात ठेवला. मला वाटले ती तिच्या पदवीच्या काळजीत आहे. ती पुढे जे बोलली ते मी आजवर कोणाला सांगितलेले नाही.

"तुझा दिवा विझला असता तर बरं झालं असतं. तंबूत आजच्या दुप्पट वायू आहे. हे मूल म्हातारं होईल तेव्हा कदाचित बाहेर, सगळीकडे तेवढा असेल. त्यात दिवा नीट जळतो, माणूस नीट श्वास घेतो. कोणाला काही कळतच नाही, आई."

ताटे तशीच राहिली. मी तिच्या पोटाकडे बघत होते.

आठव्या महिन्यात तिच्या पायांना सूज आली आणि डॉक्टरीणबाईंनी पलंगावरून उठायला बंदी केली. नेमक्या त्याच सुमारास रानातल्या पिशव्या उचलायच्या होत्या. दोन्ही प्रकारच्या तंबूंतली गळलेली पाने तिने जाळीच्या लहान पिशव्यांत घालून पावसाळ्याच्या तोंडावर जांबुघोड्याच्या रानात जमिनीवर ठेवली होती. पावसाने, किड्यांनी, बुरशीने त्यांचे काय केले ते बघायचे होते. गॅसमधल्यांना तांबडा दोरा, साध्या हवेतल्यांना पांढरा. तिने मला जायला सांगितले. म्हणाली, तुझ्याइतकं नीटनेटकं दुसरं कोणी उचलणार नाही.

नवरात्र संपल्यावर आजोबा आणि मी भाड्याच्या जीपने गेलो. आजोबा थर्मास घेऊन वाटेवर थांबले. मी सागांखाली गुडघे टेकून एकेक पिशवी उचलली आणि तिने सांगितल्याप्रमाणे न झटकता वेगवेगळ्या कागदी पाकिटांत ठेवली. शेवटी मला राहवले नाही. एक तांबडी आणि एक पांढरी, दोन्ही मांडीवर घेऊन मी नीट पाहिल्या. तोच तपकिरी रंग, तशीच किड्यांनी पाडलेली भोके, भिजलेल्या मातीचा तोच वास. कुठे काही फरक नव्हता. मला इतका आनंद झाला की मी तिथेच हात जोडले.

आजोबांनी काय दिसले ते विचारले.

"काही नाही."

"मग आनंद झालाय की रडायला आलंय? ठरव काय ते."

तोवर मला आठवले होते की दिव्यातही मला काही दिसले नव्हते. परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना उभे असलेले रान मी मान खाली घालून ओलांडले.

पाकिटांतली पाने कॉलेजात वाळवून तोलली गेली. निकाल सांगायला ते सर स्वतः घरी आले. या वेळी त्यांनी मासी म्हणून थट्टा केली नाही. पलंगाजवळ खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "फरक छे." तांबड्या दोऱ्याची पाने कमी कुजली होती, म्हणजे त्यांच्यातले नत्र मातीत परतायला उशीर लागणार होता.

"किती?" तुमच्या आईने विचारले.

"थोडोज."

तिने छताकडे पाहिले. मग म्हणाली, "रान मोठं आहे, सर. पानोपानी थोडं धरलं तर?"

थोरले, कार्तिकात तुझा जन्म झाला. रडलीस खणखणीत. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, सगळे ठीक आहे, वजन थोडे कमी आहे. आजोबांनी लगेच पेढ्यांची चौकशी सुरू केली. माझ्या कानात एकच शब्द राहिला होता, थोडे. बाळंतिणीच्या खोलीत दिवा अखंड ठेवायचा असतो. माझ्या आईने ठेवला होता, मीही ठेवला. तो सरळ जळत होता आणि त्याच्याकडे बघून मला पहिल्यांदाच धीर येईना.

तुझे वजन पुढे भरून आले. आता तू मला उचलून घेशील. तुमच्या आईला विचारलेत तर ती सांगेल की सगळ्या रानांचे सारखे होत नाही, काही मातीत नत्र पुरते, काहीत पुरत नाही, तिचा प्रयोग लहान होता, आणि यावर अजून वाद आहेत. ती शास्त्रज्ञ आहे, तिने मोजूनमापून बोलावे. माझे तसे नाही. मला हिरवे रान दिसले की ज्योत सरळ जळताना दिसते.

म्हणून मी रविवारी गप्प झाले. पुढच्या वेळी रानात जाल तेव्हा फोन झाडांकडे धरू नका. बुटाच्या टोकाने पानांचा थर बाजूला करा आणि खाली काय आहे ते दाखवा. माती काळी, भुसभुशीत असेल तर मूठभर घेऊन कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आणा. नुसते बघून मला काही कळणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी दाखवा.